एका ओरड्यापायी

माझ्या धाकट्या भावाने पक्की नोकरी सोडली ती एका ओरड्यापायी. कुणी त्याच्यावर ओरडलं म्हणून नव्हे. ते तर जन्मभर चालूच होतं आणि त्यातला निम्मा वाटा माझा. एका हॉलमध्ये हजारभर लोक एकदम ओरडले, आणि ते आपल्या गाण्यासाठी ओरडले असं त्याने धरलं.

भाऊ लिफ्टवाला. लिफ्ट बंद पडली, दोन मजल्यांच्या मध्ये माणूस अडकला, दार उघडून मिटेना, की याला फोन. गच्चीवरच्या मोटररूममध्ये चढायचं, नाहीतर तळाशी, जिथे लिफ्टची पेटी येऊन टेकते त्या खड्ड्यात उतरायचं. तेल, उंदीर, कुणाकुणाच्या पडलेल्या किल्ल्या आणि अंधार. बाकीचे मिस्त्री त्या खड्ड्यातून कधी एकदा वर येतो असं करत. आमचा शहाणा खिशात रेकॉर्डर घेऊन उतरायचा. ब्रेक सुटताना पेटी कण्हते, तेल न घातलेल्या रुळावर ती घासते, दोर ताणला की मोटर गुरगुरते, हे सगळं तो भरून आणायचा आणि घरी त्याची गाणी करायचा.

गाणी हा त्याचा शब्द, माझा नव्हे. या प्रकाराला ड्रम अँड बास म्हणतात आणि त्यातल्या सगळ्यात वांड पोराला जंप-अप. पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे ड्रम पळतात आणि खाली बास, म्हणजे तो खर्जातला आवाज, ढेकर देतो, गुरगुरतो, दात काढतो. गोडवा शोधू नये. गाणं चढत चढत जातं, मग क्षणभर सगळं गप्प होतं, आणि बास एकदम अंगावर कोसळतो. त्या कोसळण्याला ड्रॉप म्हणायचं. सगळा जीव त्या ड्रॉपमध्ये.

नाव घेतलं होतं 'खड्डा'. त्यावर करायचे ते सगळे विनोद आमच्या घरात करून झालेत, त्यामुळे तुम्ही कष्ट घेऊ नका. या नावाखाली त्याने वर्षानुवर्षं इंटरनेटवर गाणी सोडली. ऐकणारे किती? आमच्या जिन्यात मावतील एवढे. खाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर त्याचं बिऱ्हाड. एकच भाग चार चार महिने घासत बसायचा. मी शिलाई मशीनवर पँटची शिवण उसवत असताना वरून तोच बास, परत तोच, परत थोडा वाकडा करून तोच. जिन्यातून आरडाओरडा करून करून माझा घसा बसायचा. त्याची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती म्हणायची, "ताई, दारू नाही, जुगार नाही, बाहेरची भानगड नाही. लिफ्टचा आवाज आहे. सोडून द्या." खरंच होतं ते. मी सोडून दिलं.

आणि सोडून दिल्यावर एक गंमत झाली. त्याचं 'ब्रेक' नावाचं गाणं मला आवडायला लागलं. कसं, ते विचारू नका. लिफ्ट कण्हते, थांबते, आणि मग जे काही कोसळतं ना, त्याला माझा पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर दाबला जायचा. दोनदा गिऱ्हाइकाची बाही वाकडी शिवली गेली. हे मी त्याला सांगितलं नाही. आमच्याकडे धाकट्याचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही, पोरं शेफारतात म्हणून. हा चाळिशी ओलांडलेला घोडा, पण पद्धत ती पद्धत.

ते 'ब्रेक' टोपीवाल्याच्या हाती लागलं. टोपीवाला म्हणजे या धंद्यातला थोर माणूस. त्याचं कपाळ म्हणे कुणी पाहिलेलं नाही. हॉलमध्ये लोकांसमोर दुसऱ्यांची गाणी वाजवणं हे त्याचं काम, आणि तो जे वाजवेल ते गाणं तरलं. भावाने कित्येक वर्षं त्याला गाणी पाठवली होती. पालथ्या घड्यावर पाणी. आणि एके दिवशी टोपीवाल्याच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर आलं, त्यात 'ब्रेक' होतं.

भाऊ जिन्यावरून धडधडत खाली आला. मला वाटलं घरात कुणाला काही झालं. त्याने माझ्या कानात हेडफोन कोंबले. "ऐक. बोलू नकोस. ऐक."

मी ऐकलं. दुसरंच काहीतरी चाललं होतं, त्यात हळूहळू आपली लिफ्ट कण्हायला लागली. एक म्हातारी खदाखदा हसली. मग क्षणभर शांतता, मग बास कोसळला, आणि त्यावर माणसांचा असा काही ओरडा उठला की मी हेडफोन काढून टाकले. त्याने ते परत घातले. कारण खरी गोष्ट पुढे होती. टोपीवाल्याने गाणं थांबवलं, गर्रकन उलटं फिरवलं आणि पहिल्यापासून लावलं. याला रिवाइंड म्हणतात. लोक वेडे झाले तरच वाजवणारा असं करतो. या लोकांत याहून मोठा मान नाही. कितीतरी जण जन्मभर गाणी करतात आणि एक रिवाइंड न बघता म्हातारे होतात.

भाऊ माझ्या दुकानात, उसवलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसून रडला. मी पण रडले. आता लपवून काय करू?

"आणि ती म्हातारी कोण रे हसते?" मी नाक पुसत विचारलं.

"ते आधीचं गाणं गं. डबल ड्रॉप केलाय त्याने. दोन गाणी एकमेकांवर चढवायची आणि दोघांचे ड्रॉप एकदम सोडायचे. ते जातंय, माझं येतंय."

मला पटलं. न पटायला मला त्यातलं कळतं काय?

त्यानंतर तो जमिनीवर राहिला नाही. 'ब्रेक'बरोबर आणखी दोन नवी गाणी करून त्याने तिन्ही एकत्र बाहेर काढली. त्या नव्या गाण्यांच्या आणि टोपीवाल्याच्या नावाच्या जोरावर त्याला एक बोलावणंही आलं. रविवारी दुपारी एका गोदामात कार्यक्रम, तिथे स्वतः उभं राहून वाजवायचं. आयुष्यात पहिल्यांदा. आता लिफ्टवाल्यांची गोष्ट अशी की लोक शनिवार-रविवारीच जास्त अडकतात, आणि आमच्या भावाची त्या दिवसांची पाळी कायमची ठरलेली, कारण हा कधी नाही म्हणत नसे. कंपनीचे साहेब भले माणूस. म्हणाले, त्या रविवारी सुट्टी घे. याने राजीनामा दिला. म्हणे, आता एका रविवारचा प्रश्न नाही, सगळेच रविवार लागणार.

 भावजयीने लॅबमधल्या जादा पाळ्या मागून घेतल्या. मी मात्र बोलले. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस, चार लोक हरभऱ्याच्या झाडावर चढवतील, उतरताना खाली कुणी नसेल. सगळं बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, हजार लोक खोटं ओरडतील का?"



त्या रविवारी भावजयीला पाळी होती, म्हणून मी गेले त्याच्याबरोबर. एरवी फर्निचर ठेवायचं गोदाम. उघडी सिमेंटची जमीन, पत्र्यातून खाली आलेलं ऊन, आणि माझ्या कपाटापेक्षा उंच स्पीकर. भावाने काळा शर्ट घातला होता. मीच तो खांद्यात आत घेऊन दिला होता. त्याची वेळ सगळ्यात पहिली. लोक नुकते येत होते आणि येणारा प्रत्येक जण आधी मागच्या बाजूला, पेयांच्या टेबलाकडे जात होता. त्याचा एक जुना मित्र आला होता. त्याचं रेकॉर्ड विकायचं दुकान आहे, आणि असा एकही कार्यक्रम तो चुकवत नाही. त्याने मला कानात घालायला कापसाचे बोळे दिले.

भावाने बरं वाजवलं असावं. मग 'ब्रेक' लावलं. त्याच्यावर दुसरं काही चढवलं नाही, एकटंच ठेवलं. ज्या गाण्यासाठी लोक तेवढे ओरडले, ते त्यांना नीट ऐकू दे म्हणून. लिफ्ट कण्हली. मी बोळे काढले. शांतता. भावाने मान वर करून समोर बघितलं.

बास कोसळला आणि माझा हात वर गेला. तोंडातून ओरडाही निघाला. मी ठरवून केलं नाही काही.

गोदामात दुसरा हात नव्हता. लोक आपापसात बोलत होते, पेले हातात घेऊन उभे होते. पुढची एक मुलगी वळून माझ्याजवळ आली आणि काळजीने म्हणाली, "काकू, बरं वाटत नाहीये का? बाहेर नेऊ?"

मी हात खाली घेतला. भाऊ बघत होता. त्याने खाली मान घालून पुढचं गाणं लावलं.

"पहिल्या वेळेचं असंच असतं," तो उतरून आल्यावर मी म्हणाले. "लोक कुठे आलेत अजून?" तो हो म्हणाला. त्याचंही तेच मत होतं, निदान तेव्हा.

तासाभराने गोदाम भरलं. तिसरा कुणीतरी वाजवत होता. आम्ही दोघं आणि रेकॉर्डवाला मागे भिंतीला टेकून उभे होतो. आणि एकदम ती म्हातारी हसली.

मी तिला ओळखलं. भावानेही ओळखलं, कारण त्याने माझा दंड धरला. अजून ड्रॉप आलाही नव्हता, पण सगळं गोदाम म्हातारीबरोबर हसायला लागलं होतं, हात वर, पेले वर. मग शांतता, मग दुसराच कुठलातरी बास कोसळला, आणि तोच ओरडा उठला. अगदी तोच, रेकॉर्डिंगमधला. वाजवणाऱ्याने गाणं थांबवून उलटं फिरवलं. लिफ्टचा कुठे पत्ता नव्हता.

"हे कुठलं?" भावाने विचारलं. त्याला दोनदा विचारावं लागलं.

"थट्टा करतोस का?" रेकॉर्डवाला म्हणाला. "म्हातारी! टोपीवाल्याने वर्षभर स्वतःपाशी दाबून ठेवलं होतं. प्रत्येक कार्यक्रमात वाजवायचा, पण विकायला काढत नव्हता. परवा कुठे निघालं."

या लोकांची अशी रीत आहे. चांगलं गाणं बाहेर काढायचं नाही, एकट्याने वाजवायचं, म्हणजे ते ऐकायला लोक हॉलमध्ये येतात. बाजारात नाही, इंटरनेटवर नाही. जे हॉलमध्ये जातात त्यांना पाठ, बाकीच्यांना त्याचा गंधही नाही. आणि माझा भाऊ हॉलमध्ये कधी जाणार? सगळे शनिवार-रविवार हा कुणाला तरी लिफ्टमधून बाहेर काढत होता. ज्या हॉलसाठी गाणी केली, त्या हॉलची त्याला एवढीच माहिती.

"म्हणजे तेव्हा," भाऊ म्हणाला, "ते ओरडले ते..."

रेकॉर्डवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे."

"आम्हाला म्हणजे?"

"सगळ्यांनाच. पुढे तू नोकरी सोडलीस असं कळलं, तेव्हा म्हटलं आता सांगावं. पण तू एवढा खूश होतास."

दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटलं. कुणाला, ते ठरेना. चांगली माणसं ही अशी असतात. वाईट माणसाने पहिल्याच दिवशी खदाखदा हसून सांगितलं असतं, आणि माझ्या भावाची नोकरी वाचली असती.

आम्ही परतायला गाडीत बसलो. तो म्हणाला, "तू हात कशाला वर केलास?"

"आवडतं मला ते गाणं."

"ताई, नको ना."

"अरे खरंच! केव्हापासून आवडतं. बाह्या वाकड्या शिवल्यात मी त्यापायी."

"बरं," तो म्हणाला. तापलेल्या पोराने बडबड केली की आपण म्हणतो तसं, बरं. मी चिडले, शपथा घेतल्या, आवाज चढवला. जितकं बोलले तितकी ती माझी दया ठरत गेली. आधी कधी बोलले असते तर त्याने मानलं असतं की नाही, देव जाणे.

कंपनीत त्याच्या जागी नवा माणूस आला होता. साहेबांनी भावाला बदली मिस्त्री म्हणून रोजंदारीवर घेतलं, रविवारसकट. तो जातो. वेळेवर जातो. भावजय म्हणते, चला, निदान मिटलं एकदाचं. तिचं काही चुकत नाही.

परवा तो माझ्या दुकानात गणवेशाची चेन बसवून घ्यायला आला. मी मशीनखाली कापड सरकवत, सहज बोलल्यासारखं म्हटलं, "ते 'ब्रेक' माझ्या फोनवर टाकून दे. काम करताना लावते."

"नाहीये ते."

"नाहीये म्हणजे?"

"पुसलं. इंटरनेटवरून काढलं आणि घरचंही पुसलं. लिफ्टच्या मूळ आवाजांसकट सगळंच."

माझा पाय पायट्यावरून उचलला गेला. "अरे, मला एकदा विचारायचंस तरी!"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"तुला कशाला?"