जुनी पट्टी काढणे

गोळी असो की थेंब, सिस्टर आधी तर्जनी वर करायच्या आणि विचारायच्या, “कुठून?” काय आणि किती, हे नंतर. तोंडातून, जिभेखालून, शिरेतून की कातडीतून, हे कळल्याशिवाय त्या बाटलीचं झाकणही उघडू देत नसत.

दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातून निवृत्त होऊन त्या नोएडाला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. एकट्याच. तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे लोक डॉक्टरकडे जाण्याआधी जातात आणि जाऊन आल्यावरही जातात. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा डोळ्यात घालायला कानाचे थेंब घेऊन निघाले होते. सिस्टरनी बाटली वाचली. “भाईसाहब, इससे आँख सुनने लगेगी क्या?”

मलाही सोडलं नाही. खोकल्याच्या औषधापुढे मी ‘एक चमचा’ लिहिलं, तर म्हणाल्या, “कोणाच्या घरचा चमचा, यादीबाई? तुमच्या पोह्यांच्या चमच्यात माझे दोन चमचे मावतात. मापाचं झाकण घ्या.”

यादीबाई हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. माझ्याकडे दुधापासून गॅसपर्यंत सगळ्याच्या याद्या असतात. म्हणून त्यांचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा औषधांचा तक्ता मीच केला. त्यांनी तो परीक्षेचा पेपर तपासावा तसा तपासला. “माझं वजन चार किलोंनी उतरलंय, हे डॉक्टरांना कळवलंत? वजनावर मात्रा ठरते.” कळवलं नव्हतं. कळवलं.

वेदनेसाठी एक पट्टी होती. छातीवर चिकटवायची, औषध कातडीतून हळूहळू आत जातं. दर तीन दिवसांनी नवी. जुनी त्या स्वतः काढायच्या आणि चिकट बाजू आत घेऊन दुमडायच्या. “जुनीतही औषध उरलेलं असतं. आणि तिच्यावर शेक कधी द्यायचा नाही. उष्णतेनं औषध घाई करतं.”

मी तक्त्यात लिहिलं, ‘नवी पट्टी लावणे’. जुनी काढणं त्यांच्याकडे होतं, म्हणून ते लिहिलं नाही. ऑक्टोबर होता. शेक कोणाला सुचणार होता?

जानेवारीच्या सुरुवातीला छातीवरची कातडी लाल झाली. डॉक्टरांनी पट्टी पाठीवर लावायला सांगितली. मी तक्त्यातलं ‘छाती’ खोडून ‘पाठ’ केलं. सिस्टरचा हात पाठीपर्यंत पोचत नव्हता, हे मला दिसत होतं. पण तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

दिवसभर त्यांच्याजवळ असणारी बाई तक्ता बघून सगळं करायची.

“कहाँ से?”

“पीठ पर, आंटी.”

मग सिस्टर डोळे मिटायच्या.

त्या आठवड्यात धुक्यात समोरचा टॉवर दिसत नव्हता. सकाळी अकराला मी तक्ता बघायला गेले. बाई हसून म्हणाली, “दीदी, आज आंटी ने पूछा ही नहीं, कहाँ से. कल शाम से इतने आराम से सो रही हैं.”

मी तक्त्यात खूण केली. दुखणं कमी झालं असेल, असं वाटून बरंही वाटलं. दारापर्यंत गेले आणि थांबले. सिस्टरनी विचारलं नाही?

परत आले. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. सहा. निदान बारा तरी हवे होते. त्यांना कुशीवर वळवलं. खाली गरम पाण्याची पिशवी. पाठीवर तीन पट्ट्या.

“ठंड थी, दीदी,” बाई घाबरून म्हणाली. “और पट्टी तो लिस्ट देखकर ही लगाई.”

खरंच होतं. मी तिन्ही ओढून काढल्या, पिशवी फेकली, अँब्युलन्स बोलावली.

रुग्णालयात औषधाचा उतारा टोचला. काही मिनिटांत सिस्टरनी डोळे उघडले, तरुण डॉक्टरकडे पाहिलं. तर्जनी चादरीवरून जेमतेम उचलली.

“किधर से दिया?”

“नस से, माँजी.”

त्यांनी पास केल्यासारखी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. “तक्त्यात काय राहिलं?”

मी सांगितलं.

“मग रडता काय, यादीबाई? लिहा.”

मी नवा तक्ता केला. पहिली ओळ ‘जुनी पट्टी काढणे’. दुसरी ‘नवी पट्टी लावणे’. खाली लाल शाईत ‘शेक नाही’.

मार्चमध्ये त्या गेल्या, त्यांच्या आजारानेच. पट्टी बदलण्याचा दिवस होता. अंघोळ घालण्याआधी मी त्यांच्या पाठीवरची पट्टी काढली, चिकट बाजू आत घेऊन दुमडली आणि पहिल्या ओळीपुढे खूण केली.

दुसरी ओळ अजून कोरी आहे.