कॅनास्टा म्हणजे टोपली

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते साताऱ्यातल्या माझ्या घरमालकीण काकूंचे. मी जतकडचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजसाठी मी काकूंच्या वरच्या खोलीत राहिलो.

काका निवृत्त सुभेदार. ऑफिसरांच्या मेसमध्ये ते कॅनास्टा शिकले होते. हा रमीचाच प्रकार, पण जोडीने खेळायचा. एकाच आकड्याची सात पानं जमली की कॅनास्टा झाला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ टोपली, म्हणून काकू सरळ टोपलीच म्हणत. जोडीतल्या दोघांची टोपली एकच. कुणीही त्यात पान टाकावं. रविवारी दुपारी काका आणि शेजारचे गुरुजी एका बाजूला, काकू आणि मी दुसऱ्या.

टोपली झाली की हातातली पानं उतरवून डाव संपवता येतो. पण जोडीदाराच्या हातात राहिलेल्या पानांचे गुण दोघांचेही कापले जातात, म्हणून आधी त्याला "संपवू का?" असं विचारता येतं. एकदा विचारलं की त्याचं उत्तर मानावंच लागतं. काकू मला विचारल्याशिवाय डाव संपवत नसत. मीही तसंच करू लागलो.

शेवटच्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला काम मिळालं. वडिलांचे गुडघे दुखायचे, मेंढरांमागे चालवत नव्हतं. पानं वाटता वाटता मी सांगून टाकलं की कॉलेज सोडलं, सोमवारपासून कामावर जातोय. काकांना ते पटलं. काकूंनी पानं खाली ठेवली.

"पत्त्यात इचारतोस, आन् हे नुसतं सांगतोस व्हय रं?"

मीही हातातली पानं खाली ठेवली. मग विचारलं, "काकू, सोडू का?"

"न्हाई."

संध्याकाळी त्यांनी वडिलांना फोन केला. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. वडील मला एवढंच म्हणाले, की अजून एक वर्ष चालेन मी.

निकालानंतर मी काकूंना पत्र लिहिलं. फोनवर मला ते बोलता आलं नसतं.

"तीर्थरूप काकूंस, साष्टांग नमस्कार. मी पास झालो. गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत आहे. बाबांना वाचता येत नाही, तरी त्यांनी ती गावभर दाखवली. त्यांचा डावा गुडघा या वर्षात जास्त बिघडला. तुम्हाला सांगू नको म्हणाले, पण तुमच्यापासून लपवणं मला जमणार नाही. सांगलीत नोकरी लागली आहे. काल मेंढरं विकली. बाबांना तुमच्याशी बोलायचं आहे, फोनवर नको म्हणतात. रविवारी त्यांना घेऊन येतो."