पाहुण्यांसमोर खायचं नाही

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला राहत होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत होता आणि मी जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, म्हाताऱ्या सिस्टरांची देखभाल करायला जायची. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा ते बरं.

बाकी सगळ्या सिस्टर गोऱ्या, एकच सावळी, फिलिपिन्सची. थेट आमच्या कोकणातल्या एखाद्या आजीसारखी दिसायची, म्हणून मी तिच्या खोलीत जरा जास्तच घुटमळायची. तिच्या देशावर अमेरिकेचं राज्य होतं तेव्हा, अगदी कोवळ्या वयात, ती सिस्टर झाली. गोऱ्या सिस्टर शाळेत शिकवायच्या आणि सिस्टर झालेल्या तिथल्या मुली धुणी धुवायच्या. हे ती हसत सांगायची. मला मात्र ऐकून संताप यायचा.

नियम कडक होते. घरी परत जायचं नाही आणि बाहेरच्या माणसांसमोर खायचं नाही. आईसुद्धा बाहेरचीच. ही अजून तिकडच्याच कॉन्व्हेंटमध्ये होती तेव्हा ती आई एकदा बोटीने लांबून भेटायला आली. दोघींच्या मध्ये लाकडी जाळी. खालच्या फटीतून आईने केळीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ आत सरकवला आणि म्हणाली, "खा ना." हिने तो मांडीवर ठेवला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. नियम सांगायची लाज वाटली. आई परत गेल्यावर तो मोठ्या सिस्टरकडे द्यावा लागला. आई पुन्हा आली नाही. ती वारली तेव्हाही हिला जाऊ दिलं नाही.

"तिला वाटलं असेल, मला आता तिच्या हातचं चालत नाही," सिस्टर म्हणाली.

त्या पदार्थात काय असायचं विचारलं, तर तांदूळ, गूळ, खोबरं आणि पान. म्हणजे हळदीच्या पानात उकडतात त्या आमच्या पातोळ्यांची सख्खी बहीणच. मिशिगनमध्ये हळदीची पानं कुठून आणणार? फिलिपिनो दुकानात केळीची फ्रोझन पानं मिळाली, त्यावर भागवून तिच्यासाठी पातोळ्या केल्या.

"अगं, ननला नैवेद्य?" नवरा म्हणाला. "आणि डायबिटीस असला तर? आधी चेक तरी कर यार."

"केलंय चेक. तू तुझी एक खा आणि गप्प बस."

ते जुने नियम केव्हाच सैल झाले होते. तरी मी नको तो शहाणपणा केला. तिला संकोच नको म्हणून बशी पुढे ठेवून बाहेर निघून गेले. परत आले तर पातोळी तशीच, पानसुद्धा उलगडलेलं नव्हतं.

"आवडत नाही का?" मी विचारलं.

"तू उठून का गेलीस? बस इथे."

मी समोर बसले. तिने पान उलगडलं आणि माझ्याकडे बघत सावकाश एकेक घास खाल्ला. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये असं आमच्याकडे शिकवतात, पण मी नजर हलवली नाही.

तिने बोटं पुसली. "छान झालंय," ती म्हणाली. "पण हे आईने बघायला हवं होतं."

माझी आई तेव्हा रत्नागिरीला होती आणि तिला भेटून वर्षं लोटली होती. माझ्याने राहवेना, तिथेच रडू फुटलं. सिस्टरही रडत होती. मला माझी आई हवी होती आणि ऐंशीच्या घरातल्या तिला तिची.