भिंतीवरच्या चौदाजणी

पेंटर मुळातच संशयी. रंगाच्या नव्या डब्याचं झाकण उघडून वास घेतल्याशिवाय तो दुकानदाराला सोडायचा नाही. कोणी कामाची तारीफ केली की याला वाटायचं, आता हा भाव पाडणार. बायको म्हणायची, एक दिवस स्वतःच्या सावलीलाही विचाराल, माझ्या मागे का लागलीस.

आठवडाभर तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांसाठी भिंती. कपड्यांच्या कारखान्याच्या मागच्या दाराला मालकाने कुलूप ठोकलं होतं. आग लागली तर पळायचं कुठून, असं तिथे शिवणाऱ्या चौदा बायका विचारत होत्या. पेंटरने समोरच्या भिंतीवर त्याच चौदाजणी काढल्या, कुलपाकडे बोट दाखवत उभ्या. मनाने चेहरे काढणं त्याला पटायचं नाही. खोट्या चेहऱ्याला मालक कशाला भिणार? त्यामुळे एकीच्या नाकावरचा तीळसुद्धा जिथल्या तिथे. डावीकडून तिसरी त्याची धाकटी बहीण.

दुसऱ्याच दिवशी कडक इस्त्रीतला एक माणूस भिंतीचे फोटो काढू लागला. पेंटरच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवस त्याने त्याला उडवून लावलं. तिसऱ्या दिवशी माणूस डावीकडच्या तिसरीकडे बोट दाखवून म्हणाला, इतकी बोलकी नजर मी आजवर पाहिली नाही, कोण ही? वीस वर्षांत कोणी पेंटरला असं काही विचारलं नव्हतं. गडी विरघळला.

"बहीण माझी," तो बोलून गेला. "हिनेच तर सगळ्याजणींना गोळा केलं."

चार दिवसांनी बहिणीला कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवलं. कायमचं.

ती तडक भावाच्या घरी आली. आपल्यातल्याच कोणीतरी तोंड उघडलं, असं तिचं म्हणणं. वहीम होता शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीवर, आणि उद्यापासून सगळ्याजणी तिच्याशी बोलणं टाकणार होत्या. भावाबद्दल तिच्या मनात शंकाही आली नव्हती. जन्मभर जगावर संशय घेतलेल्या माणसाला तो विश्वास सोसेना. गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं.

"तिला काही बोलू नका," तो म्हणाला. "मी सांगितलं. त्या फोटोवाल्याला."

त्याला भयंकर लाज वाटली. आत्ता जाऊन सगळ्या भिंतीला चुना फासतो, म्हणत तो बादली शोधू लागला.

"फोटो गेले की मालकाकडे," ती म्हणाली. "आत अजून तेराजणी आहेत, दादा. त्यांचे चेहरे काढताना तू कोणाला विचारलं होतंस?"