दार न उघडणारा स्विच

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजचं नेटवर्क काका सांभाळायचे. सगळे कॉम्प्युटर ज्या स्विचच्या पेट्यांना जोडलेले, त्यांच्या सेटिंगमध्ये फक्त काकांच्याच कॉम्प्युटरवरून शिरता यायचं. प्राचार्यांनी मागूनही त्यांनी दुसऱ्या कुणाला वाट दिली नाही. "घरात एकटं लेकरू असलं की आपन सांगतोच ना सर, कुनालाबी दार उघडू नको? तसंच हाय हे." मला ते जरा हटवादीच वाटायचे.

रिटायर झाले त्या दुपारी त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या मॅडमच्या कॉम्प्युटरला परवानगी दिली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरची काढून टाकली. मग चष्मा शर्टाला पुसून, आपल्याच कॉम्प्युटरवरून शिरायला गेले. स्विचनं नकार दिला.

उठून त्यांनी स्विचवरची धूळ तळहातानं पुसली.

"लई गुनाचं हाय," मला म्हणाले. "मलाबी दार उघडलं न्हाई."