बुटकी भिंत

अन्वरभाई गेल्याचं मला कंपनीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. कतारमधल्या अल खोरहून साइटवर येताना बसमध्येच छातीत कळ आली आणि खलास... आदल्याच दिवशी हा माणूस माझ्यावर खेकसला होता, ‘मोऱ्या, यल्ला, चल लवकर, हिशेब संपव! तिकडे काँक्रीट पडेल.’

तिकडे म्हणजे मालदीवच्या एका बेटावर. आम्ही दोघं स्टेडियमच्या कामावर सर्व्हेअर; ते रत्नागिरीचे, मी नाशिकचा. वर्ल्ड कपच्या घाईत जेवायला फुरसत नसायची, तरी दर शुक्रवारी त्यांच्या टेबलावर ते बेट पसरलेलं असायचं. कतारला येण्याआधी तिथल्या समुद्राकाठच्या भिंतीची उंची त्यांनीच ठरवून दिली होती. मोजायला जी पक्की खूण धरतात, ती त्यांनी जेटीच्या खांबावर मारली. आणि जेटीच हळूहळू खचत होती! भिंत कागदावर बरोबर, प्रत्यक्षात वीतभर बुटकी. समुद्र वर्षागणिक चढतच होता. एका उधाणात तो आत शिरला, विहिरी खारट झाल्या. मग पाण्याची बोट आली की हाणामाऱ्या, टाकीवर बंदूकवाले पहारेकरी. ‘सख्ख्या भावांनी डोकी फोडली रे, माझ्यामुळे,’ अन्वरभाई म्हणायचे.

आता नवी भिंत होणार होती, तीही त्याच जुन्या खुणेवरून. म्हणून यंदाच्या सुट्टीत हे गृहस्थ गावाला न जाता बेटावर गेले. जमिनीत खोल पाइप ठोकून नवी खूण केली, सगळं पुन्हा मोजलं. हिशेब तेवढा राहिला.

तो मी पुरा केला. पण नुसते आकडे कोण मानणार? जुने का चुकले, हे लिहायलाच हवं होतं. गेलेल्या माणसाची चूक चव्हाट्यावर कशी मांडू? कागद घेऊन अल खोरला त्यांच्या घरी, भाभींकडे गेलो. त्यांनी डोळे पुसले आणि मलाच झापलं. ‘मोरेभाऊ, त्यांना लपवायचं असतं तर सुट्टीत माझ्याबरोबर गावाला नसते आले? लिहा. नावासकट लिहा.’

लिहिलं.

चार दिवसांनी बेटावरच्या इंजिनीअरचा फोन आला. हिंदीत म्हणाला, ‘जेटीवर खूण मारणारा हा शहाणा कोण?’

‘आमचे अन्वरभाई,’ मी म्हणालो. ‘चूक त्यांची. शोधलीही त्यांनीच.’

तो म्हणाला, ‘काम थांबवतो. नव्या खुणेनंच भिंत घेऊ.’

फोन ठेवला आणि साइट ऑफिसात सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. मग तोंड धुतलं, आणि सकाळी मोजून झालेली उंची पुन्हा मोजायला उन्हात निघालो.