टॅरो, इजिप्त आणि शिंदेकाकू

मंडळी, आज मी फार वाईट वागले.

सीवूड्सला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी टॅरो, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगायला, शिकवते. आज नव्या बॅचला ठोकून दिलं, "हे पत्ते इजिप्तचे, पाच हजार वर्षं जुने."

कोपरखैरण्याहून आलेल्या शिंदेकाकूंनी हातातलं पान निरखत विचारलं, "अगं, मग यावर पोप कसा? तेव्हा पोप होता का?"

सगळ्या हसल्या. मी चिडले. "काकू, विश्वास नसेल तर कशाला आलात?"

काकू चपला घालून निघून गेल्या.

घरी येऊन पहिल्यांदाच नीट वाचलं. टॅरो हा पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ. आपली बावन्न पानं, प्रत्येक रंगाला एक घोडेस्वार जास्त, म्हणजे छप्पन्न. वर चित्रांचे बावीस हुकूम. भविष्य आणि इजिप्त हे सगळं तीनेकशे वर्षांनी चिकटलं. आणि मी चार वर्षं हेच शिकवतेय!

काकूंना फोन केला. वाचलेलं सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. खेळ आहे ना? मग खेळायला शिकव, येते मी."

अपमान सगळ्यांसमोर केला, म्हणून माफीही इथे सगळ्यांसमोरच मागते. काकू, चुकले मी.

तुमची चूक कुणी अशी चारचौघांत दाखवली, तर तुम्ही काय करता?